बांबूच्या वस्तूतून पीठ का पडतं? रांजीतल्या तोडीपासून विणकामापर्यंत, पायरी पायरीने

आमच्या गटाला एकदा ऑगस्टमध्ये ऑर्डर आली, चाळीस स्टूल, ऑक्टोबरात द्यायचे. भर पावसात बांबू तोडला, चार दिवस उन्हात टाकला, स्टूल ठोकले, वरून झकास वार्निश मारलं, माल उठला, पैसे आले, सगळे खूश. डिसेंबरात नागपूरहून एका ताईंचा फोन. "दादा, स्टुलाखाली रोज पीठ सांडतंय हो, बारीक रव्यासारखं. झाडलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच." उन्हाळ्यापर्यंत चाळीसातले सव्वीस परत आले. पायाच्या दांडीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आणि दांडी हातात घेऊन दाबली तर बिस्किटासारखी मोडायची.

लोकांना वाटतं कीड नंतर लागते, दुकानात किंवा गिऱ्हाईकाच्या घरी. लागली कधीही, तिचं मूळ आधीच्या कामात असतं. ही कीड म्हणजे बांबू आतून पोखरून पीठ पाडणारा बारीक भुंगा. तो बांबूतल्या पिठूळ साखरेवर, म्हणजे स्टार्चवर जगतो, आणि बांबूत स्टार्च किती राहणार हे तुम्ही कोणत्या महिन्यात, किती वयाचा बांबू तोडला आणि तोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याचं काय केलं यावर ठरतं. वार्निश म्हणजे नुसता सदरा, आतला आजार तसाच.

आणि कच्चा बांबू तोडणं हे नुसतं मालाचं नुकसान नाही, रांजीचंही आहे. (एका बुडातून वाढणारा बांबूंचा झुपका म्हणजे रांजी. कोकणात बेट म्हणतात, आमच्याकडे विदर्भात रांजी.) तेव्हा खालचा क्रम माल टिकण्यासाठीही आहे आणि जंगल टिकण्यासाठीही, दोन्हीला एकच नियम लागतात हे आमचं नशीब.

१. आधी कागद: बांबू कुणाचा?

हे कंटाळवाणं आहे म्हणून सगळे शेवटी ठेवतात आणि मग भरलेली गाडी नाक्यावर उभी राहते.

बांबू तुमच्या शेतातला, बांधावरचा असेल तर गोष्ट सोपी. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला, त्यामुळे शेतातल्या बांबूला तोडीचा आणि वाहतुकीचा परवाना लागत नाही. तरीही गाडीसोबत सातबाऱ्याची प्रत आणि ग्रामपंचायतीचं एक पत्र ठेवा, कारण रात्री अकरा वाजता नाक्यावरच्या माणसाला कायदा समजावत बसण्यापेक्षा कागद पुढे करणं बरं.

बांबू जंगलातला असेल तर २००६ चा वनहक्क कायदा बघा, त्यात बांबू गौण वनोपजात (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या उपजात) येतो. तुमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर तोड, विक्री आणि वाहतूक पास हा ग्रामसभेचा विषय. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने यासाठी बरंच भांडण केलं आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात येऊन पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात देऊन गेले. गावाला हक्क मिळालेलाच नसेल तर जंगलातून स्वतःच्या मनाने तोडू नका, आधी दावा करा, तोपर्यंत बांधावरचा किंवा विकतचा बांबू वापरा.

तपासा: ग्रामसभेच्या ठरावात तीन गोष्टी लिहिल्यात का? यंदा जंगलाचा कोणता भाग तोडायचा, किती बांबू तोडायचे, आणि तोडीचा हिशोब कोण ठेवणार. तिसरी गोष्ट नेहमी राहते, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

२. वेळापत्रक भिंतीवर लावा

पाऊस पडला की जमिनीतून कोंब निघतात, आमच्याकडे त्यांना वास्ते म्हणतात आणि भाजीही करतात. जून ते सप्टेंबर हा रांजीचा बाळंतपणाचा काळ समजा. त्या दिवसांत आत शिरलात तर पायाखाली दहा कोंब मोडतात, दिसतसुद्धा नाहीत. वर मोठा बांबूही त्या काळात अन्नपाणी कोंबांना पुरवण्यात गुंतलेला असतो.

साधारण असं धरा:

ऑक्टोबर: वय बघून खुणा करायच्या, तोड नाही.
नोव्हेंबर ते फेब्रुवारी: तोड.
तोड चालू असतानाच, त्याच आठवड्यात: फोडणं आणि औषधात भिजवणं.
जानेवारी ते एप्रिल: वाळवणी.
मार्चपासून पुढे वर्षभर: विणकाम.
मे: रांजीला माती चढवणं.

म्हणजे पावसाळ्यात ऑर्डर आली तर ती हिवाळ्यात तोडून, औषध देऊन, वाळवून ठेवलेल्या बांबूतून करायची. घरात साठा नसेल तर ऑर्डर नाकारायची. आम्हाला हे शिकायला सव्वीस स्टूल लागले.

अमावस्येच्या आसपास तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही असं जुनी माणसं सांगतात. मी म्हाताऱ्यांशी वाद घालत नाही, जमलं तर कृष्णपक्षात तोडतो, पण त्यावर विसंबून औषध टाळत नाही.

३. वय ओळखा, रंगाने खूण करा

सर्वात जास्त चुका इथेच होतात. बांबू जेवढा जाड व्हायचा तेवढा पहिल्याच पावसाळ्यात होतो, पुढे त्याची जाडी वाढत नाही, आतून फक्त पक्का होत जातो. त्यामुळे जाड दिसला म्हणून पक्का, असं समजणाऱ्याची शंभर टक्के फसगत होते.

पहिल्या वर्षाचा: गडद हिरवा, अंगावर पांढरी भुकटी, पेरांना खपले (सालीसारखी आवरणं) अजून चिकटलेले, फांद्या नाहीत किंवा नुकत्या फुटलेल्या.

दुसऱ्या वर्षाचा: हिरवाच, पण भुकटी उडालेली, खपले बहुतेक गळालेले, खाली बुडाशी एखादा राहिलेला, फांद्या आहेत पण बारीक.

तिसऱ्या वर्षापासून पुढे: रंग मळका, पिवळसर झाक, अंगावर पांढरे-करडे डाग, फांद्यांना उपफांद्या. कोयत्याच्या पाठीने ठोकला तर खणखणीत आवाज येतो, कच्चा बांबू भद्द वाजतो.

हा आवाज लिहून कळणार नाही. पहिल्या दिवशी गावातल्या बुरूड काकांना सोबत घ्या, ते वीस बांबू ठोकून दाखवतील आणि एकविसाव्याला तुमचा कान तयार झालेला असेल.

पण कानापेक्षा पक्की युक्ती म्हणजे रंग. दर ऑक्टोबरात त्या वर्षी आलेल्या प्रत्येक नव्या बांबूवर छातीएवढ्या उंचीवर ऑइल पेंटचा एक ठिपका मारायचा. यंदा लाल, पुढच्या वर्षी पिवळा, मग निळा, मग पांढरा. चौथ्या वर्षी कुणालाही डोकं चालवावं लागत नाही, लाल ठिपक्याचा तोडायचा, बस. रंगाचा डबा छोटासाच लागतो आणि मजुरांशी होणारी अर्धी हुज्जत संपते.

सावधान: रांजीला फुलोरा आला असेल तर घाई करू नका. बांबू कित्येक दशकांतून एकदा फुलतो, मग ती रांजी मरते. बी जमिनीवर पडू द्या, मग वाळलेले बांबू काढा. आधीच साफ केलंत तर त्या जागी नवं जंगल कशातून उगवणार?

४. तोड

अवजार: धारदार कोयता किंवा करवत. कुऱ्हाडीने खुंट फाटतो आणि फाटलेल्या खुंटातून पाणी मुळापर्यंत जातं.

कुठे तोडायचं: जमिनीपासून वीतभर-दीड वीत वर, आणि गाठीच्या अगदी वर. गाठीपासून सहा बोटं वर तोडलं तर खुंटाचा पेला होतो, त्यात पावसाचं पाणी साचतं, डास होतात आणि खालचा कंद सडतो. आमच्या भागात एका रांजीत मी असे चौदा पेले मोजले, त्या बाजूला पुढच्या दोन पावसाळ्यांत एक कोंब आला नाही.

कोणता सोडायचा: पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचा एकही तोडायचा नाही. पक्क्यांतलेही सगळे काढायचे नाहीत. नव्या बांबूला वाऱ्यात टेकायला म्हातारा बांबू लागतो, नाहीतर तो वाकतो, कधी आडवाच होतो. आमचा नियम असा की प्रत्येक रांजीत किमान आठ पक्के उभे राहिलेच पाहिजेत, रांजी लहान असेल तर त्या वर्षी तिला हातच लावायचा नाही.

कुठून शिरायचं: नवे बांबू रांजीच्या बाहेरच्या कडेला येतात, जुने आत मधोमध. आळशी तोड काय करते, कडेचे हाताशी येतात म्हणून तेच कापते आणि मधले म्हातारे तसेच गुंतून राहतात. दहा वर्षांत मधला भाग वाळून खडंग होतो आणि आग लागली की तीच चूल. म्हणून एका बाजूने वाट करा आणि आत जाऊन मधले काढा, वरून बघितलं तर घोड्याच्या नालासारखा आकार दिसेल. वाट त्या बाजूने करा जिथे नवे कोंब कमी आहेत.

कटांग असेल (काटेरी, कळक म्हणतात तोच) तर आधी खालच्या काटेरी फांद्या छाटण्यात अर्धा दिवस जातो, तो मजुरीत धरा. धरला नाही की मजूर कडेचेच कापणार, त्यांचीही काही चूक नाही.

आणि गावाच्या जंगलाचे चार भाग पाडा, दरवर्षी एकातच तोड. चार वर्षांनी पहिल्या भागात परत.

तपासा: संध्याकाळी निघण्याआधी तोडलेल्या बांबूंचे बुंधे एका रेषेत लावून मोजा आणि ठिपक्यांचे रंग बघा. चुकीच्या रंगाचा एक जरी निघाला तरी वहीत लिहा. ओरडायचं नाही, लिहायचं.

५. तोडल्यापासून तीन दिवस: इथे क्रम चुकतो

आता लक्ष देऊन वाचा. बहुतेक लोक तोडतात, अंगणात उन्हात टाकतात, "जरा वाळू दे" म्हणतात, महिन्याने औषधात बुडवतात. चुकलं. बोरॅक्सचं औषध बांबूत शिरतं ते आतल्या ओलाव्यातून पसरत पसरत. वाळलेल्या बांबूत ते वरवर राहतं. औषध द्यायचं असेल तर बांबू हिरवा हवा, तोडल्यापासून दोन-तीन दिवसांत टाकीत गेला पाहिजे.

उलट, औषध द्यायचंच नसेल, नुसतं पाण्यात किंवा धुरावर भागवायचं असेल, तर जुनी पद्धत चांगली: तोडलेला बांबू फांद्या-पानांसकट त्याच रांजीला टेकवून, बूड दगडावर ठेवून, आठ-पंधरा दिवस उभा करायचा. पानं ओढत राहतात आणि आतला ओलावा, साखर कमी होते.

दोन्ही पद्धतींची खिचडी केली की दोन्ही वाया जातात. म्हणून तोडायच्या आधीच ठरवा की हा ढीग कशासाठी: फर्निचर, दिव्यांच्या शेड, शोभेच्या वस्तू, पडदे यांना बोरॅक्स. सूप, रोवळी, दुरडी, भाकरीची टोपली, धान्याची कणगी, म्हणजे खाण्याला लागणारं सगळं, त्याला औषध नाही, पाणी आणि धूर.

६. औषध देणं

बोरॅक्स (सवागी म्हणतात) आणि बोरिक ॲसिड, दोन्ही पावडर बाजारात मिळतात. प्रमाण: १०० लिटर पाण्याला ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड. साधारण पाच टक्क्यांचं द्रावण. एकटं बोरॅक्स किंवा एकटं बोरिक टाकून पैसे वाचवू नका, दोन्ही एकत्र असताना पाण्यात जास्त विरघळतात, सुटं सुटं टाकलं तर तळाशी बसतं.

टाकी: सिमेंटची असेल तर उत्तम, नसेल तर खड्डा खणून जाड ताडपत्री अंथरा. १० फूट लांब, अडीच फूट रुंद, २ फूट खोल खड्ड्यात काठोकाठ चौदाशे लिटर मावतं, बांबू भरल्यावर द्रावण साधारण हजार लिटर लागेल, म्हणजे ३० किलो बोरॅक्स आणि २० किलो बोरिक. खड्ड्यातले खडे, मुळ्या काढून तळाला भुसा किंवा पोती टाका, नाहीतर ताडपत्रीला भोक पडून रात्रीत सगळं जमिनीत जातं.

क्रम असा:

पहिलं, वीस-पंचवीस लिटर पाणी कोमट करून त्यात पावडर विरघळवा आणि मग टाकीत ओता. थेट गार पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात, आणि जानेवारीच्या पहाटे तर होतातच.

दुसरं, बांबू तयार करा. कटांगसारखा पोकळ बांबू अख्खा भिजवायचा असेल तर लांब सळईने आतले सगळे पडदे फोडा, म्हणजे द्रावण आत जाईल. बाहेरच्या चकचकीत सालीतून काहीही शिरत नाही, जे शिरतं ते आतून आणि टोकांतून. मानवेल ही बांबूची दुसरी जात जवळजवळ भरीव असते, त्यात सळई जातच नाही, तो अख्खा भिजवण्याच्या नादी लागू नका, आधी फोडा आणि मग कामट्या (फोडून काढलेल्या पट्ट्या) भिजवा. कोकणातला माणगाही असाच भरीव, त्यालाही हेच लागू.

तिसरं, बांबू टाकीत आडवे घाला, वर दगड ठेवा. हिरवा बांबू तरंगतो आणि पाण्याबाहेर राहिलेल्या चार बोटांतूनच पुढे भुंगा शिरतो. कामट्यांना तीन-चार दिवस, पडदे फोडलेल्या अख्ख्या बांबूला आठ-दहा दिवस. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका, तो बांबूचा रस.

चौथं, काढल्यावर टाकीवरच तिरके ठेवून निथळू द्या, ते द्रावण परत वापरता येतं. पातळी कमी झाली तर साधं पाणी ओतू नका, त्याच प्रमाणाचं ताजं द्रावण करून ओता. दोन-तीन खेपांनंतर हायड्रोमीटर (द्रावण किती दाट आहे ते दाखवणारी तरंगती नळी) लावून ताकद मोजा. पाण्याला आंबूस कुबट वास सुटला की ते द्रावण संपलं समजा.

ज्यांच्याकडे पंप आहे ते बुशरी पद्धतीने, म्हणजे बांबूच्या एका टोकाला रबरी नळी घट्ट बांधून दाबाने द्रावण आत ढकलून, दुसऱ्या टोकाने रस बाहेर काढतात. काम तासांत होतं, पण बांबू तोडल्यापासून एका दिवसाच्या आत हवा, म्हणून टाकी जंगलाजवळ नेता आली तरच त्यात पडा. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, कुडाळला कॉनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे, पंप घेण्याआधी अशा एखाद्या ठिकाणी काम बघून या.

सावधान: हातमोजे घाला. टाकीला कुंपण आणि वर झाकण, शेळ्या आणि पोरं दोघांनाही पाणी दिसलं की राहवत नाही. वापरलेलं द्रावण ओढ्यात, विहिरीजवळ किंवा शेतात ओतायचं नाही, बोरॉन जास्त झालं की पिकं जळतात. आणि हे औषध पावसात धुऊन निघतं, म्हणून असा बांबू छपराखालीच वापरा. उघड्यावरच्या कुंपणाला हे चालत नाही, आणि गिऱ्हाईकाला तसं आधीच सांगा.

तपासा: एक कामटी मधोमध चिरा. हळद स्पिरिटमध्ये कालवून, गाळून, ते पिवळं पाणी चिरलेल्या भागावर लावा, सुकलं की त्यावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब सोडा (मोजे घालून, मोठ्या माणसाने). बोरॉन पोचलं असेल तर लालसर होईल, नाही तिथे पिवळंच राहील. मधला भाग पिवळा म्हणजे परत टाकीत.

खाण्याच्या भांड्यांसाठी: तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे स्टार्च कमी होतो. गावाच्या पिण्याच्या पाणवठ्याच्या खालच्या बाजूला ठेवा, वरच्या नाही. साचलेल्या डबक्यात ठेवलं तर बांबू काळा पडतो आणि वास असा सुटतो की टोपलीत भाकरी ठेवायची इच्छा होणार नाही. विणून झाल्यावर चुलीच्या वर टांगा, आजीच्या सुपाला चाळीस वर्षं कीड का लागली नाही त्याचं उत्तर त्या काळ्या धुरात आहे.

७. वाळवणी

सावलीत. परत सांगतो, सावलीत. उन्हात वरची साल आधी आकसते, आतलं ओलं राहतं आणि रात्री झोपेत ठाक-ठाक आवाज येतात, ते तुमचे पैसे फुटण्याचे आवाज.

अख्खे बांबू उभे करून ठेवा, बूड विटेवर, जमिनीला टेकू देऊ नका, आठवड्याने उलटे करा. अख्ख्याला दीड-दोन महिने लागतात, कामट्यांना आठ-दहा दिवस. कामट्यांच्या मोळ्या घट्ट बांधून रचल्या तर मध्ये बुरशी येते. बोरॅक्स भुंग्याला रोखतं, बुरशीला फारसं नाही, म्हणून वारा खेळता हवा.

तपासा: दोन कामट्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, तीन दिवसांनी परत तोला. वजन उतरत असेल तर अजून वाळतंय. दोनदा सारखं आलं म्हणजे झालं. मॉइश्चर मीटर असेल तर १२ ते १५ टक्के.

८. कामट्या आणि विण

कामटी काढताना बांबूचे दोन भाग लक्षात ठेवा, बाहेरची पाठ आणि आतलं पोट. पाठ चिवट, पोट मऊ, आणि कीडही आधी पोटालाच लागते. जिथे वजन येतं तिथे (टोपलीचं बूड, कड, कान) पाठीच्याच कामट्या. पोटाच्या कामट्या बाकीच्या भरावाला.

हिरव्या कामटीने विणायला सोपं जातं म्हणून बरेच जण ताजंच विणतात. टोपली त्या दिवशी घट्ट दिसते, महिन्याने प्रत्येक कामटी आकसते आणि विणीतून बोट जातं. म्हणून औषध दिलेली, पूर्ण वाळलेली कामटी विणण्याआधी अर्धा तास साध्या पाण्यात टाका, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, लागेल तशी काढा. पाणी लावलेली कामटी वाकवताना चिरते का बघा. चिरत असेल तर ती जाड आहे, अजून सोला.

एकाच टोपलीच्या सगळ्या कामट्या एका जाडीच्या हव्यात. आमच्याकडच्या एक मावशी लाकडात दोन सुऱ्या रोवून मधून कामटी ओढतात, जास्तीचं सोललं जातं. शंभर कामट्या ओढल्या तरी शंभरावी पहिलीसारखीच. मशीन नाही, वीज नाही, दोन सुऱ्या.

वार्निश, पॉलिश सगळ्यात शेवटी, वस्तू पूर्ण सुकल्यावर. ओल्यावर मारलं की आत बुरशी कोंडते आणि दोन महिन्यांनी पॉलिशच्या खालून काळे ठिपके वर येतात, ते मग कशानेच निघत नाहीत.

९. भाव काढताना

बांबूची किंमत सगळे धरतात, बाकीचं विसरतात. वहीत या ओळी ठेवा: तोडीची मजुरी, ओढून आणण्याची मजुरी, औषधाचा वाटा, फोडणं आणि सोलणं किती तास, विणणं किती तास, वाया गेलेला माल, गाडीभाडं. सोलण्याचे तास कुणीच लिहीत नाही कारण ते काम बहुतेक घरातल्या बायका करतात, दुपारी, "रिकाम्या वेळात". तो वेळ रिकामा नाही. एक आठवडा घड्याळ लावून लिहून बघा, विणण्याएवढाच निघेल, कधी जास्त.

वस्तूला एक छोटी चिठ्ठी लावा: तोडीचा महिना, औषध दिलंय का, खाण्यासाठी चालेल का, पाण्यात ठेवू नये. परत आलेला माल कोणत्या ढिगातला होता हे त्यावरून कळतं. स्टुलांच्या वेळी आमच्याकडे हे काहीच नव्हतं, त्यामुळे उरलेल्या चौदांपैकी कोणते वाचतील हे सांगता आलं नाही आणि ते चौदा फोन आम्हालाच करावे लागले.

१०. रांजीकडे परत, आणि बांधावरचा बांबू

तोड झाली की मार्चआधी रांजीभोवती चार-पाच फुटांचा पट्टा पालापाचोळ्यापासून साफ करा, मोहफुलं आणि तेंदूच्या हंगामात आगी लागतात आणि वाळलेली बांबूची पानं पेट्रोलसारखी पेटतात. साफ केलेला पाला जाळू नका, रांजीच्या बुडाशी आत ढकला आणि मे महिन्यात त्यावर माती चढवा. कोंब मातीत जोमाने येतात.

जंगलावरचा ताण खरंच कमी करायचा असेल तर बांधावर लावा. ६० सेंमीचे चौकोनी खड्डे उन्हाळ्यात खणून ठेवा, शेणखत घाला, पहिले दोन पाऊस झाले की लावा. सलग लावायचं असेल तर ५ बाय ४ मीटर, एकरी दोनशेच्या आसपास बसतात. बांधावर लावताना शेताच्या उत्तरेचा बांध निवडा, हिवाळ्यात सावली उत्तरेकडे पडते, म्हणजे तुमचा हरभरा उन्हात राहील (शेजाऱ्याचा नाही, तेव्हा त्याला आधी विचारा). पहिली दोन वर्षं जनावरांपासून जपायचं, गाईला बांबूचा कोवळा शेंडा उसापेक्षा प्यारा. पहिली तीन वर्षं मध्ये हळद-आलं घेता येतं. चार-पाच वर्षांनी पहिली तोड, तीही हलकी.

रोप घेताना एक प्रश्न नक्की विचारा, बियांपासूनचं आहे की जुन्या रांजीचा कंद? कंद स्वस्त पडतो, लवकर जाडही होतो, पण त्याचं वय आईइतकंच असतं. आई पाच वर्षांनी फुलून मरणार असेल तर तुमचा बांधही तिच्याबरोबर फुलेल. बांबू कधी फुलला होता हे गावातल्या सत्तरीच्या माणसाला बरोबर आठवतं, कारण त्या वर्षी उंदीर झाले होते आणि बांबूच्या बियांचा भात खाल्ला होता. त्यांना विचारून मग कंद उकरा.

ठिपक्यांसाठी रंगाचा डबा मात्र रोपांबरोबरच आणून ठेवा. ऑक्टोबर आला की दुकान लांब वाटतं.